पडवीच्या पायरीपर्यंत

काजूची बी वाळत घालायला गोणपाटं हवी होती, तेवढ्यासाठी मी राहीला माळ्यावर चढवली. शिमगा आटपला होता, पालखी देवळात परत गेली होती, मुंबईवाले आपापल्या गाड्या धरून निघून गेले होते. राही मात्र आठवडाभर राहिली माझ्याकडे. राही माझी नात, माझ्या आत्मारामची एकुलती एक. आत्माराम जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हा ही सात वर्षांची होती, आता रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते, दुकानाजवळच खोली घेऊन राहते. तिची आई रसिका चिपळूणला नर्स आहे.

"टाकते गो आजी, बाजूला हो," राही वरून ओरडली. पाच गोणपाटं धपाधप खाली आली. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

"राही?"

"आजी, बाबांचा कॉम्प्युटर इथे आहे. तू तर म्हणालीस, भंगारवाल्याला दिला."

"द्यायचा होता. राहून गेला."

राहून गेला हे खोटं. भंगारवाला दोनदा दारात आला होता आणि दोनदा मीच त्याला सरबत पाजून रिकामा परत पाठवला होता. त्या यंत्राच्या कळांवर आत्मारामची बोटं फिरून फिरून अक्षरं पुसली गेली होती. मला ती अक्षरं वाचता येत नव्हतीच, पण पुसलेली जागा ओळखता येत होती.

राहीने सगळं खाली आणलं. माजघरात टेबलावर मांडलं, मागची पत्र्याची झडप उघडली. आत कुंभारमाशीने मातीची दोन घरं बांधली होती. ती खरवडली, ब्रशने धूळ झाडली, घड्याळाच्या सेलसारखा एक चपटा सेल बदलला. गोणपाटं तशीच पडून राहिली. दुपारी बाराच्या सुमाराला यंत्र घरघरलं आणि काच उजळली.

शेजारच्या खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, माझी जाऊ चिमा दगडी गडग्यावरून डोकावली. "काय गो, म्हातारपणी शिकतंस काय आता?"

"तुज्यासारखी पापड मोजत बसू काय?"

"मोजू नको, पण चार लाटायला ये हो. कॉम्प्युटर भाकरी नाय घालणार."

आम्ही तिघी हसलो. त्या हसण्याचं मला आता नवल वाटतं.

त्या यंत्रात एक खेळ होता. वाडी वसवायचा खेळ. आधी नुसती मोकळी हिरवी जमीन. मग तुम्ही घर ठेवायचं, विहीर ठेवायची, झाडं लावायची, माणसं ठेवायची. ठेवलेली माणसं मग आपली आपण हिंडतात, पाणी भरतात, कोंबड्यांना दाणे टाकतात. आत्मारामने त्यात आमचीच वाडी मांडली होती. चिऱ्याचं घर, पुढे खळं, खळ्याला गडगा, आणि गडग्यापासून वर रस्त्यापर्यंत जाणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी. पायऱ्यासुद्धा बावीसच. मी मोजल्या.

"आजी, ही बघ तू." विहिरीवर हिरव्या लुगड्यातली बोटाएवढी बाई उभी होती. "आणि ही मी." खळ्यात एक पिटुकली पोर गोल गोल फिरत होती. राहीने त्या पोरीवर बोट टेकवलं. बापाचं हिच्याकडे काय आहे? एक फोटो आणि एक हातरुमाल. त्याने हिला आपल्या हाताने कुठे ठेवलं होतं, ते ती पंधरा वर्षांनी बघत होती.

"आणि तो?" मी विचारलं.

"नाही. स्वतःला ठेवलंच नाही त्यांनी."

आम्ही बघत राहिलो. रहाटाचा आवाज येत होता, कोंबड्या कॉक कॉक करत होत्या. मग वर रस्त्याच्या टोकाला, पाखाडी सुरू होते तिथे, एक माणूस दिसला. एक पायरी उतरला, दोन उतरला. आणि रहाटाचा आवाज एकाच जागी अडकला. घर्र, घर्र, घर्र, दाढ दुखल्यासारखा. काच निळी झाली, पांढरी अक्षरं आली आणि खेळ मिटला.

"जुना आहे, होणारच," राही म्हणाली. "पण सोडणार नाही मी. यातली डिस्क मरायला टेकलीय आजी. खेळ एकदा धड चालला तर सगळं उतरवून घेता येईल. नाहीतर बाबांची वाडी गेली म्हणून समज."

म्हणून ती बसली. सकाळी ती माझ्याबरोबर बी निवडायची, संध्याकाळी आमच्याकडे वीज इतकी मलूल असते की यंत्र सुरूच होत नसे. राहिली दुपार. भर बाराची, टळटळीत. बाहेर चिरा तापून पांढरा दिसतो, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, सगळी वाडी श्वास धरून बसल्यासारखी गप्प असते. काळोखाला माणूस भितो, पण आमच्याकडची जुनी माणसं बाराच्या उन्हालाच जास्त भ्यायची. पोरांना त्या वेळी पाखाडीवर जाऊ देत नसत.

राहीने एक वही केली. खेळ किती वाजता बंद पडला, त्याआधी काय बदललं होतं, काचेवर कोणती अक्षरं आली, सगळं लिहायची. मी लिहीत नव्हते. मी बघत होते.

पहिल्यांदा तिने आवाज बंद केला. म्हणाली, आवाजाची पट्टी जुनी आहे, तीच घोटाळा करते. रहाट मुका झाला, कोंबड्या मुक्या झाल्या. खेळ जास्त वेळ चालला. मग मिटला.

दुसऱ्या दिवशी तिने आतून दोन लहान पट्ट्या काढल्या आणि शाळेतल्या खोडरबराने त्यांची पितळी टोकं घासली. मला हसू आलं. "हसू नकोस, दुकानात निम्मे कॉम्प्युटर याच औषधाने बरे होतात." खरंच, खेळ आणखी चालला. मग मिटला.

तिसऱ्या दिवशी तिने रंग कमी केले. हिरवी वाडी राखाडी दिसू लागली, राख फासल्यासारखी. आणखी चालला. मिटला.

"काही नियमच नाही याला," ती वही आपटत म्हणाली. "कधी चार मिनिटं, कधी सात, कधी अकरा."

"नियम आहे," मी म्हटलं.

"कसला?"

"तो माणूस. पहिल्या दिवशी दुसऱ्या पायरीवर होता. आवाज घालवलास, तर नवव्या पायरीवर आला. रबराने घासलंस, तर गडग्याशी आला. रंग काढलेस, तर खळ्यात आला. तो पुढे येतो तेवढा खेळ चालतो."

राही माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "आजी, तुझ्या डोक्याला माझी वही पुरणार नाही. पण उलटं आहे ते. खेळ जास्त चालतो, म्हणून तो जास्त पुढे येतो."

असेल. ती शिकलेली आहे. पण मी आणखी एक बघितलं होतं आणि ते मी बोलले नव्हते. तो माणूस डावा पाय ओढत होता.

माझा आत्माराम नववीत असताना आंब्यावरून पडला होता. डावा पाय कायमचा ओढायचा. लांबून शंभर माणसांत मी त्याला चालीवरून ओळखायचे.

शेवटी मी विचारलंच. "बाय, तो लंगडतोय काय गो?"

"चित्र अडकतंय आजी. यंत्राला दम लागतो, मधलं एखादं चित्र गळतं. म्हणून तसं वाटतं."

"बाकीची नाय लंगडत."

तिने वही मिटली. तिनेही बघितलं होतं तर. हळूच म्हणाली, "आजी... बाबांनी स्वतःला ठेवलंय. वाटेवर ठेवलंय. घरी येताना."

त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही नीट. मला आणि तिला एकच हवं होतं. त्याने पायरी चढावी, आत यावं. यंत्रात का होईना, घरात यावं.

चौथ्या दिवशी बी तशीच सोडून राही सकाळीच बसली, आणि तो पडवीच्या पायरीशी आला. एक पाय उचलला, आणि खेळ मिटला. पुन्हा लावला, पुन्हा पायरीशीच मिटला. सात वेळा. आता अकरा मिनिटं नाही की बारा नाही, बरोबर त्याच पायरीशी.

राही यंत्राच्या पोटात शिरून शोधत बसली. दीड तास गेला. मग तिचे हात थांबले.

"आजी, हा बिघाड नाही."

"मग?"

"घरात शिरायची एक फाईल असते. माणूस दारात पाय टाकायला गेला की खेळ ती फाईल मागतो. ती जागेवर नाही, म्हणून बंद पडतो. आणि ती हरवलेली नाही. बाबांनीच उचलून दुसरीकडे ठेवलीय, नाव बदलून."

"काय नाव दिलंय?"

"राखण."

वर्षातून एकदा गावाच्या सीमेवर आम्ही राखण देतो. नारळ, कोंबडा, भात. बाहेरचं बाहेर राहावं म्हणून. हे राहीलाही ठाऊक होतं, पण शहरात वाढलेली पोर, तिला तो शब्द म्हणजे नुसता एक सण.

"कधी ठेवलीय?"

तिने तारीख वाचली. मी बोटं मोजली नाहीत. मला मोजावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, आत्माराम पाखाडीच्या खालच्या पायरीवर बसलेला सापडला होता. पाठ घराकडे, तोंड वर रस्त्याकडे. दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर टेकवलेले, वाट अडवून बसल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आणि तरी मी काय म्हणावं?

राहीने विचारलं होतं. मला दोष द्यायचा तर इथेच द्या. तिने विचारलं, "आजी, फाईल परत जागेवर ठेवू का? बाबांना नको होतं बहुतेक..."

त्या यंत्राच्या काचेत पायरीशी एक पाय उचलून माझा मुलगा अडकला होता. पंधरा वर्षं. आईला दुसरं काय दिसणार?

"ठेव," मी म्हटलं. "आणि थांब जरा. मी भाकरी आणते."

आमच्याकडे माणूस फार दिवसांनी लांबून घरी आला की त्याला तसाच आत घेत नाहीत. दारात उभा करतात, भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळतात, आणि तुकडा त्याच्या पाठीमागे, बाहेर टाकतात. वाटेत त्याच्या मागे जे लागलं असेल ते तुकड्याकडे जातं. माणूस तेवढा आत येतो. आत्माराम मुंबईला कामाला होता, तिथून यायचा तेव्हा मी कधी चुकले नाही. आता कशी चुकणार होते?

सव्वाबारा झाले असतील. राहीने फाईल जागेवर ठेवली, खेळ लावला. राखाडी वाडी उघडली. आवाज नाही, रंग नाही. वरून तो उतरला, पाय ओढत. बावीस पायऱ्या. गडगा. खळं. विहिरीवरची बाई, म्हणजे मी, त्याच्याकडे पाठ करून उभी होती. खळ्यातली पोर फिरायची थांबली होती.

तो पायरीशी आला. पाय उचलला.

खेळ मिटला नाही.

"आजी..." राही पुटपुटली.

मी काचेवरून तुकडा ओवाळला. तीनदा. पाणी ओवाळलं. "ये बाबा," म्हटलं, "आत ये."

आणि मग हात थांबला. तुकडा टाकायचा कुठे? माणूस काचेत. त्याच्या पाठीमागचं खळंही काचेत. तिथे माझा हात कसा पोचणार? पण हाताला जन्माची सवय. मी उठले, पडवीत आले, आणि तुकडा आमच्या खऱ्या खळ्यात टाकला.

आतून राहीचा आवाज आला. "आजी, पायरीवर आता कोणी नाही. कुठे गेले गो बाबा?"

ऊन डोळ्यांत घुसत होतं. खळ्याच्या मधोमध तुकडा पडला होता. सारवलेली जमीन कोरडी ठणठणीत, त्यावर दुसरं काही नव्हतं. तरी माझ्या सगळ्या कोंबड्या एकदम उठल्या आणि एकही आवाज न करता मागीलदारी पळाल्या.

गडग्यापलीकडे चिमा पापड उलटत होती. तिने मान वर केली. "कोण आलं गो तुज्याकडं?"

"कोण नाय."

"नाय काय? मग ह्यो खळ्यात उभा कोण?"

मी बघितलं. खळ्यात ऊन होतं, नुसतं ऊन.

"चिमे... चेष्टा करू नको."

"चेष्टा कसली? तुकड्याकडं बघतोय." तिने डोळ्यांवर हात धरला. तिचा आवाज खाली गेला. "आत्मारामासारखाच दिसतो गो पाठमोरा... पण तोंड..."

तिथे मला आठवलं. माझी आठवण मला कधी दगा देत नाही. कोणाचं लग्न कोणत्या वारी झालं, कोणती गाय कधी व्याली, विचारा. पण हे एवढं एक बोलणं पंधरा वर्षं कुठेतरी तळाला जाऊन बसलं होतं. जायच्या दोन दिवस आधी आत्माराम ताटावर बसला होता आणि म्हणाला होता, "आई, खेळात एक माणूस येतोय. मी ठेवलेला नाय तो. हळूहळू माज्यासारखा चालायला शिकतोय." मी म्हटलं होतं, "आमटी वाढू?"

"चिमे, कुठे हाय तो आता?"

 चिमाच्या हातातला पापड मोडला. मग ती म्हणाली, "तुज्या अंगावरनं आत गेला की."

अंगावर काही आलं नव्हतं. वारा नाही, गारवा नाही. फक्त वास आला, बंद विहिरीचं झाकण उचलल्यावर येतो तसा, शेवाळाचा, जुन्या पाण्याचा.

माजघरातून राहीचा आवाज आला. अगदी साधा. लाडातला.

"आजी, मागून सरक ना जरा. काचेत तुझी सावली पडतेय, मला काही दिसत नाही."

मी पडवीत होते. मी पडवीतच होते हो.

कशी आत गेले ते सांगता येत नाही. राही यंत्रासमोर बसली होती, नाक काचेला लावून. तिच्या मागे कोणी नव्हतं. मी भिंतीतली वायर ओढून काढली. काच काळी झाली. राही चिडून वळली आणि तिने माझं तोंड बघितलं.

"काय झालं आजी?"

"काय नाय. कपडे भर. अडीचची एसटी धर."

"अगं, पण वाडी उतरवून घ्यायची राहिली..."

"राहू दे."

मी तिला कधी असं बोलले नव्हते. तिने पिशवी भरली. पाखाडीने मी तिला जाऊ दिलं नाही, मागच्या बांधावरून चिमाच्या बागेतून वर रस्त्यावर नेली. एसटीत बसवताना तिच्यावरूनही तुकडा ओवाळावा असं मनात आलं. हात उठला नाही. कोणत्या बाजूला टाकायचा, हे मला कळेना.

संध्याकाळी यंत्र गोणपाटात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावून दिलं. खळ्यातला तुकडा तीन दिवस तिथेच होता. मुंगीही त्याला शिवली नाही. चौथ्या दिवशी मी तो फावड्याने उचलून समुद्रात टाकायला पावस गावाहून येणाऱ्या मासेवाल्याकडे दिला. चिमा त्या दिवसाबद्दल बोलत नाही. मी तोंडाचं विचारलं तर म्हणते, "ऊन होतं, नीट दिसलं नाय." आणि उठून जाते.

घर माझं शांत आहे. कोंबड्या खळ्यात परतल्या. मी म्हणायचे, टळलं. त्याला राखणीपासून सोडवला मी, पण घेऊन कोणाला गेला नाही तो, एवढं पुरे.

राही रोज फोन करते. बरी आहे. सुरुवातीचे आठ दिवस रडली वाडीसाठी, मग कामाला लागली. दुकानात तिचं नाव झालंय. परवा सांगत होती, "आजी, माझ्या हाताला गुण आलाय बघ. कोणाचा किती का जुना खेळ असेना, कितीही वेळा बंद पडू दे, मी समोर बसले की बंद पडतच नाही. काही करावंही लागत नाही. मालक म्हणतात, ही पोरगी नुसती बसली तरी पुरे."

मी हूं म्हटलं. 

"एवढंच," ती हसत म्हणाली, "खोलीचं दार तेवढं त्रास देतंय. रात्री कडी लावून झोपते, सकाळी उघडंच. घरमालकिणीने सुतार पाठवला. दोनदा येऊन गेला बिचारा. तो म्हणतो, दारात काही दोष नाही. कडी इतकी घट्ट आहे की बाहेरून कितीही ढकललं तरी निघायची नाही. ती आतूनच कोणीतरी काढावी लागते."